पोट उघडले की कॅन्सर पसरतो काय?

गेल्या महिन्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावी आम्ही इयादतीसाठी गेलो होतो. साठीच्या घरातले गृहस्थ. तरुणपण बोटीवर गेले, पुढची वीस वर्षे कुवेतमध्ये. दीड वर्ष शौचातून रक्त जात होते. मूळव्याध समजून आधी गावठी औषध झाले, मग मलम, मग गोळ्या. अंगावरचे कपडे सैल पडू लागले तेव्हा मुलाने मुंबईला नेले. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून तपासला आणि गुदाशयाचा कॅन्सर निघाला. यकृतावरही दोन गाठी दिसल्या. डॉक्टरांनी सांगितले, आधी औषधे, मग शस्त्रक्रिया.

घरी परतल्यावर पडवीत बैठक बसली. गावातले एक बुजुर्ग म्हणाले, “लोखंड लागले की हा आजार पसरतो. फलाण्याचे पोट उघडले आणि चार महिन्यांत तो गेला.” दुसरे म्हणाले, “पुढे गेलेल्या आजाराला हात लावू नये. जितके दिवस आहेत तितके घरात सुखाने जाऊ द्या.” कुवेतला असलेल्या थोरल्या मुलाचा निरोप आला, मी सुट्टी घेऊन येईपर्यंत थांबा. निघताना धाकटा मुलगा आम्हाला एस.टी.पर्यंत सोडायला आला. त्याने एवढेच विचारले, “तुम्हीच सांगा, कापायचे की नाही?”

आम्ही डॉक्टर नाही. त्याच्या वडिलांच्या बाबतीत हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार आमचा नव्हता. पण पडवीतली ती वाक्ये आम्ही मुरूडला ऐकली आहेत, म्हसळ्याला आणि महाडलाही ऐकली आहेत. म्हणून या वेळच्या सदरात तोच विषय घेतला आहे.

ही भीती आली कुठून?

ती अगदीच हवेतली नाही. सीटी स्कॅन आणि एमआरआय नव्हते तेव्हा पोटाच्या आत आजार किती आहे हे पोट उघडल्यावरच कळे. पुष्कळदा सर्जनला दिसे की आजार सगळीकडे गेला आहे, आता काढण्यासारखे काही नाही. मग पोट शिवून रुग्णाला घरी पाठवत. तो काही महिन्यांत वारला की लोक म्हणत, सुरी लागली म्हणून गेला. खरे तर आजार आधीच पसरलेला होता. सुरीने फक्त तो दाखवला.

आज शस्त्रक्रियेआधीच छाती-पोटाचा सीटी स्कॅन होतो. गुदाशयाचा आजार असेल तर एमआरआय होतो. गाठ किती खोल आहे, आसपासच्या अवयवांना चिकटली आहे का, यकृतात किंवा फुप्फुसात काही आहे का, हे बरेचसे आधी कळते. गाठ फुटू न देता, भोवतीच्या निरोगी भागासह काढली तर शस्त्रक्रियेने आजार पसरत नाही. मात्र अर्धवट, घाईत किंवा पुरेशा तपासणीविना केलेली शस्त्रक्रिया नुकसान करू शकते. त्यामुळे “कापायचे की नाही” याच्या आधी विचारायला हवे, “पूर्ण निघेल का, आणि ते काढायची सवय असलेले हात कोणाचे?”

पुढे गेलेला म्हणजे किती पुढे?

मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते आणि त्याचा शेवटचा भाग म्हणजे गुदाशय. कॅन्सर आतड्याच्या भिंतीतून बाहेर येतो, जवळच्या लसिका गाठींत जातो आणि तिथून दूरच्या अवयवांत. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, म्हणून दूरच्या अवयवांत बहुतेकदा पहिली पाळी यकृताची येते. तिसऱ्या टप्प्याचा आजार लसिका गाठींपर्यंत गेलेला असतो, चौथ्या टप्प्याचा दूरच्या अवयवांत. लोकांच्या बोलण्यात दोन्ही “लास्ट स्टेज” होतात. पण तिसऱ्या टप्प्याचे पुष्कळ रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि चौथ्यातलेही काही.

अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, आजार आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातले सुमारे ९० जण हयात असतात. जवळच्या गाठींपर्यंत गेला असेल तर ७० हून अधिक. दूर गेला असेल तर १५ च्या आसपास. शेवटचा आकडा वाचून मन खचते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तो सगळ्या चौथ्या टप्प्याचा मिळून आहे. एकाच गाठीचा रुग्ण आणि पोटभर पसरलेल्या आजाराचा रुग्ण त्यात एकाच रांगेत उभे आहेत. आपला माणूस त्या रांगेत नेमका कुठे आहे, ते तपासण्यांतून कळते.

गुदाशयातली मोठी गाठ

इथे बहुधा आधी शेक आणि केमो देतात, गाठ लहान करतात आणि मग शस्त्रक्रिया होते. “आधी ऑपरेशन का नाही, डॉक्टर वेळ घालवताहेत,” असे घरच्यांना वाटते. तसे नसते. गाठ आकसली की ती संपूर्ण निघण्याची शक्यता वाढते, कधी गुदद्वार वाचवणेही शक्य होते.

या शस्त्रक्रियेत मोठा बदल घडवला इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी. गुदाशयाभोवती चरबीचे एक आवरण असते आणि लसिका गाठी त्यातच असतात. ते आवरण न फाडता आख्खे बाहेर काढावे, हे त्यांनी १९८२ मध्ये मांडले. त्याआधी त्याच जागी आजार परत येणे नेहमीचेच होते. ही पद्धत नीट शिकलेल्या हातांत ते प्रमाण शंभरात दहाच्या खाली आले. औषध तेच, आजार तोच. फरक पडला तो हाताच्या कामाने. म्हणून गुदाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी हेच काम नेहमी करणारा सर्जन शोधावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

काही जणांत शेक आणि केमोनंतर गाठ पूर्ण नाहीशी होते. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया न करता बारीक नजर ठेवण्याचा मार्ग दाखवला. पण त्यात दर काही महिन्यांनी तपासणी चुकवून चालत नाही. साधारण चौघांपैकी एकाला गाठ परत येते, आणि ती वेळेत सापडली तरच शस्त्रक्रिया कामी येते. “गाठ गेली, अल्हम्दुलिल्लाह” म्हणून गावी येऊन बसणाऱ्याला हा मार्ग धोक्याचा आहे.

यकृतावर गाठी असतील तर

श्रीवर्धनकडच्या त्या गृहस्थांची स्थिती हीच. यकृत हा अल्लाहच्या कुदरतीचा अजब नमुना आहे. निरोगी यकृताचा बराच मोठा भाग, जवळजवळ तीन चतुर्थांशापर्यंत, काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून काम सांभाळतो. त्यामुळे गाठी मोजक्या असतील आणि पुरेसे निरोगी यकृत उरणार असेल तर त्या काढता येतात. आज काढता येत नसतील तर कधी केमोने लहान करून नंतर काढतात.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने अशा शस्त्रक्रिया झालेल्या ६१२ रुग्णांचा हिशेब २००७ मध्ये प्रसिद्ध केला. दहा वर्षांनंतर त्यातले १०२ जण हयात होते. सहातला एक. हा आकडा थोडा वाटेल. पण ज्या आजाराला “आता घरी न्या” म्हटले जायचे, त्यात दहा वर्षे म्हणजे नातवंडांचे निकाह पाहणे आहे. पाच वर्षांचा हिशेब केला तर शस्त्रक्रिया शक्य झालेल्या शंभरातले चाळीसच्या आसपास जगतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. निम्म्याहून जास्त लोकांत आजार पुन्हा डोके वर काढतो. त्यातल्या काहींवर पुन्हा शस्त्रक्रिया होऊ शकते, सगळ्यांवर नाही. आणि मुळात अशी शस्त्रक्रिया लगेच शक्य असते ती पाचातल्या एखाद्याला.

पोटाच्या अस्तरावर पसरला असेल तर

हा सर्वांत कठीण प्रकार. काही रुग्णांत दिसणारा सगळा आजार काढण्याची मोठी, आठ-दहा तासही चालणारी शस्त्रक्रिया करतात. तिच्या जोडीला पोटात गरम केमो फिरवण्याची पद्धत आहे आणि तिचा फार गवगवा झाला आहे. फ्रान्समध्ये याची नीट परीक्षा झाली. २६५ रुग्णांचे दोन गट केले. सर्वांचा आजार शस्त्रक्रियेने काढला, निम्म्यांना वर गरम औषध दिले. २०२१ मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गटांचे मध्यम आयुर्मान साडेतीन वर्षांच्या आतबाहेर, जवळजवळ सारखेच निघाले. म्हणजे लाभ होता तो नीट केलेल्या शस्त्रक्रियेचा. त्या परीक्षेतल्या गरम औषधाने आयुष्य वाढले नाही. कोणी याच उपचारासाठी जमीन विकायला सांगत असेल, तर आधी दुसऱ्या मोठ्या रुग्णालयाचे मत घ्या.

न कापणे हाही उपचार आहे

आजार दूरवर पसरलेला आहे, काढता येण्यासारखा नाही, आणि आतड्यातली मूळ गाठ सध्या त्रास देत नाही, अशा वेळी “निदान मूळ तरी काढा” असा घरच्यांचा आग्रह असतो. जपानमध्ये हेही तपासून झाले आहे. आधी मूळ गाठ काढून केमो घेतलेले आणि फक्त केमो घेतलेले, दोघांचेही मध्यम आयुर्मान सुमारे २६ महिने भरले. कापल्याने आयुष्य वाढले नाही. मात्र गाठीने आतडे बंद झाले, फुटले, किंवा रक्त थांबेना, तर गोष्ट वेगळी. पोट फुगणे, वारा न सरणे, उलट्या होणे ही आतडे बंद झाल्याची खूण आहे. तेव्हा सकाळची एस.टी. धरू नये, रात्रीच गाडी करून निघावे.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर वेदना कमी करणारे उपचार असतात. मॉर्फिनचे नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषधच आहे, नशा नव्हे. दुखण्याने रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला शांत झोप मिळणे ही लहान गोष्ट नाही.

आपल्या किनाऱ्यावरून जायचे कुठे?

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. कोकणातल्या माणसाला ते ठाऊक आहे. पण टाटाचेच ऍक्ट्रेक केंद्र खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेल तालुक्यात आहे, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, माणगावहून येणाऱ्यांना ते मुंबईच्या अलीकडेच पडते. आपल्या आजाराचा कोणता उपचार खारघरला होईल आणि कोणता परळला, ते आधी विचारून घ्यावे.

जाताना सगळे कागद न्या. तुकडा तपासलेल्या प्रयोगशाळेतून नुसता रिपोर्ट नव्हे, तर काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. मोठी रुग्णालये ते पुन्हा तपासतात. सीटी-एमआरआयची सीडी बरोबर ठेवा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक शस्त्रक्रिया, केमो आणि शेक बसतात, आणि २०२४ पासून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. पैसे भरण्याआधी, उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटा. नंतर भेटून उपयोग होत नाही. राहण्याची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांना जागा मिळते; तिथे जातधर्म विचारत नाहीत. आपल्या गावच्या जमातीची मुंबईत खोली असेल तर तीही अशा वेळी रुग्णासाठी आधी मोकळी व्हावी. जमातीच्या पुढाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

परदेशातल्या मुलासाठी उपचार थांबवू नका. त्याला पैसे पाठवता येतात, फोनवर डॉक्टरांशी बोलता येते. गाठ मात्र त्याच्या सुट्टीची वाट पाहत नाही.

पिशवी आणि नमाज

शस्त्रक्रियेचे नाव निघाले की अनेक घरांत खरी भीती असते ती पिशवीची. गुदाशय काढल्यावर आतड्याचे तोंड पोटावर आणतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि मळ तिथे लावलेल्या पिशवीत जमा होतो. पुष्कळांची पिशवी तात्पुरती असते. आतला जोड भरून आला की काही महिन्यांनी आतडे परत जोडतात. गाठ गुदद्वाराच्या अगदी जवळ असेल तर ती कायमची असते.

“पिशवी लावली तर माझी नमाज गेली,” म्हणून शस्त्रक्रिया नाकारणारे लोक आम्ही पाहिले आहेत. यात बायकाही आहेत, ज्यांनी कारण नवऱ्यालाही सांगितले नाही. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की शरीअतने अशा माणसाला माजूर मानले आहे आणि त्याच्यासाठी सवलत ठेवली आहे. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक जण शाफई मसलकचे आहेत. त्यात साधारण नियम असा की फर्ज नमाजेची वेळ झाल्यावर पिशवी रिकामी करून, जागा स्वच्छ करून, नवा वुजू करावा आणि उशीर न करता नमाज पढावी. त्यानंतर आपल्या हातात नसलेले काही झाले तरी तो माजूरच. तपशील आपल्या जमातीच्या काझी-मौलवींना विचारा आणि विचारताना लाजू नका. पण नमाज सोडावी लागते, असे कोणत्याही मसलकमध्ये नाही. पिशवी लावून लोक मशिदीत जातात, हजला जातात, दुकान चालवतात, बोटीवरही जातात.

रोज्याचे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. लहान आतड्याचे तोंड बाहेर काढले असेल तर त्यातून पाणी आणि क्षार फार जातात, आणि दिवसभर पाणी न पिण्याने मूत्रपिंडावर ताण येतो. आजाऱ्याला सवलत दीननेच दिली आहे. एरवीही अशा रुग्णाने मीठ-साखरेचे पाणी आणि मीठ घातलेली भाताची पेज घेत राहावे. नुसतेच साधे पाणी भरपूर प्यायल्याने काम भागत नाही.

स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधी बसून, उभे राहून, वाकून आखून घ्या. लुंगी, शलवार किंवा साडी जिथे बांधता तिथे ती येऊ नये. स्टोमाची परिचारिका हे काम करते. बायकांनी आपल्यासाठी बाई परिचारिका निःसंकोच मागावी.

अब्बांना सांगायचे की नाही?

त्या घरात एक गोष्ट आम्हाला खटकली. पडवीत सगळे बोलत होते आणि ज्यांचे पोट उघडायचे ते आतल्या खोलीत पडून होते. “त्यांना कॅन्सर म्हणून सांगितलेले नाही,” असे आम्हाला दारातच बजावले गेले. यामागे माया असते, हे आम्ही जाणतो. पण शुद्धीवर आल्यावर पोटाला पिशवी लागलेली पाहून त्या माणसाने काय समजावे? शिवाय त्याला कोणाचे कर्ज फेडायचे असेल, कोणाची माफी मागायची असेल, एक तृतीयांशातून वसीयत करायची असेल. ते त्याचे हक्क आहेत आणि दुसऱ्यांचे त्याच्यावरचेही. सगळे एका दिवसात सांगू नका. पण तो विचारील तेवढे तरी खरे सांगा.

डॉक्टरांपुढे गडबडायला होते, म्हणून प्रश्न घरून लिहून न्या. आजार नेमका कुठे-कुठे आहे? तो पूर्ण काढता येईल का, आज किंवा केमोनंतर? सर्जन, केमोचे डॉक्टर आणि शेकाचे डॉक्टर यांनी एकत्र बसून हा निर्णय घेतला आहे का? पिशवी तात्पुरती की कायमची? उपचार बरे होण्यासाठी आहे की दिवस सुखाचे जाण्यासाठी? हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण बाकीच्यांचे उत्तर त्यावरच ठरते.

आणि जे घरी धडधाकट आहेत, त्यांनीही ऐकावे. टाटा मेमोरियलने २०१३-१४ या एका वर्षातल्या ८०० रुग्णांची पाहणी केली तेव्हा सरासरी वय निघाले ४७, आणि निम्म्याहून अधिकांची तक्रार होती शौचातून रक्त जाण्याची. म्हातारपणीचा आजार समजून चाळिशीतल्यांनी बेफिकीर राहू नये. रक्त जात असेल, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, तर मूळव्याध असली तरी एकदा बोटाने आणि दुर्बिणीने तपासून घ्या. घरात एकाला हा कॅन्सर झाला असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी कधी तपासायचे, ते डॉक्टरांना विचारा.

हा मजकूर लिहून होत असताना श्रीवर्धनहून धाकट्या मुलाचा फोन आला. वडिलांना त्याने स्वतः सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “मला वाटलेच होते. तुम्ही सगळे माझ्याशी इतके गोड का बोलताय?” केमो सुरू झाली आहे. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन होईल आणि यकृतावरच्या गाठी काढता येतील की नाही, ते तेव्हा कळेल. त्यांच्यासाठी आणि अशा सर्व बिमारांसाठी वाचकांनी दुआ करावी. अल्लाह त्यांना शिफा देवो, आणि घरच्यांना सब्र आणि समज देवो. आमीन.